आक्षेपक पाहिजे

बरकतपुऱ्याच्या बागेत संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये शशिकांत बेहेरे यांची एक ख्याती होती. ते समोरून येताना दिसले की लोक चालण्याचा वेग वाढवायचे, आणि ज्यांचे गुडघे दुखायचे ते मोबाइल काढून कानाला लावायचे. शशिकांतना बरीच वर्षं असं वाटत होतं की हैदराबादच्या लोकांना फोन फार येतात.

माणूस वाईट नव्हता. कुणाला इस्पितळात न्यायचं असलं की पहिली हाक त्यांनाच जायची आणि ते चपला घालून तयारच असायचे. फक्त त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात, आज उकाडा फार आहे, तर ते विचारणार, फार म्हणजे कशाच्या तुलनेत? सनतनगरच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासनीस म्हणून काढला होता. दुसऱ्याने घडवलेल्या नगात खोट शोधायची, सापडली की लाल खडूने फुली मारायची आणि नग बाजूला ठेवायचा. निवृत्तीच्या दिवशी खडू कारखान्यात जमा झाला, पण हाताची सवय काही जमा होईना. तीच फुली मग शेजाऱ्यांच्या बोलण्यावर, वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर आणि घरच्या वरणावर पडू लागली. आता हे सगळं ते स्वतःच बागेतल्या बाकावर बसून सांगतात, आणि सांगताना स्वतःची बिलकूल गय करत नाहीत.

बायकोचं नाव तारामती. ती जांबागची, जुन्या हैदराबादी मराठी घरातली. तिचे आजोबा देगलूरकडची शेती सोडून निजामाच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. शशिकांत मात्र पुण्याहून नोकरीपुरते आले होते, दोन-चार वर्षांत परत जायचं म्हणून. लग्नानंतर पहिली काही वर्षं तारामती त्यांच्याशी वाद घालायची. "मला नक्को वाटायलंय," ती म्हणायची. ते म्हणायचे, "वाटणं हा मुद्दा होत नाही, तारा. कारण सांग." तिने कारण सांगितलं की ते खोडून काढायचे. दुसरं सांगितलं की तेही. तिसऱ्या कारणापर्यंत कुकरची शिट्टी व्हायची. पुढे पुढे ती नुसतं "बरं" म्हणायला लागली. शशिकांतनी त्याचा अर्थ असा घेतला की आपल्या संसारात आता एकमत झालं आहे. भावजयीला, मेहुण्याला, कारखान्यातल्या पोरांना ते अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे भांडण म्हणून नाही.

तर या एकमताच्या जोरावर त्यांनी पुण्याला परत जायचं नक्की केलं. मुलगा अनिकेत बावधनला राहत होता. त्याच्या शेजारच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा होता. इथलं बरकतपुऱ्याचं घर घ्यायला एक जोडपं एका पायावर तयार होतं, संक्रांत झाली की सह्या करायच्या होत्या; त्यांच्याशी फोनवरून बोलणी अनिकेतच करत होता. शशिकांतनी जेवताना तारामतीला सगळी योजना सांगितली. तिने ताटातला भात कालवत "बरं" म्हटलं. त्यांनी हात धुतला आणि अनिकेतला फोन करून कळवलं की आई तयार आहे.

जाण्याआधी त्यांची एकच इच्छा उरली होती. त्यांच्या मराठी मंडळात दर डिसेंबरला वादसभा भरायची, ती एकदा तरी जिंकायची.

या वादसभेची रीत जरा निराळी होती. कुठल्या तरी तात्त्विक प्रश्नावर निबंध लिहायचा, लोकांना पटवून द्यायचं. पण नुसतं पटवून भागत नसे. निबंधाच्या पोटात निदान एक खणखणीत आक्षेप असला पाहिजे, आणि तो आक्षेप लेखकाने नव्हे तर दुसऱ्या कुणी सभेत उभं राहून मांडला पाहिजे. त्या माणसाला आक्षेपक म्हणत. मग लेखकाने उत्तर द्यायचं. उत्तर देता आलं नाही तर निबंध स्पर्धेतून बाद. जुन्या लोकांनी मोठ्या हौसेने घातलेला नियम, पण लोक त्यातून पळवाटा काढायचेच. कुणी साडूला उभं करी, कुणी ऑफिसातल्या हाताखालच्या माणसाला. आदल्या वर्षी एका गृहस्थाच्या मेहुण्याने आक्षेप मांडताना तीनदा "अर्थात भावजींचंच बरोबर आहे" असं म्हटलं होतं, आणि भावजींना बक्षीस मिळालं होतं. शशिकांत त्या रात्री जेवले नव्हते.

या खेपेला त्यांनी कंबर कसली. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर पसरलेल्या जुन्या पुस्तकांतून तर्कशास्त्राचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक उचललं. त्यात आधीच्या मालकाने फक्त प्रस्तावनेखाली रेघा मारल्या होत्या. अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात जाऊन बसायला लागले. तिथे समोर स्पर्धा परीक्षेची पोरं मान मोडून अभ्यास करत असायची. त्यांच्यात बसून टाचणं काढताना शशिकांतना आपण फार खोल पाण्यात उतरलो आहोत असं वाटायचं आणि तसं वाटणं त्यांना आवडायचं. घरी परतल्यावर ते तारामतीला म्हणायचे, "समाज कशावर चालतो माहीत आहे का तुला?" ती म्हणायची, "हातपाय धुवा, चहा ठेवलाय."

विषय त्यांनी निवडला तो असा: न बोललेली संमती. निबंधाचं म्हणणं थोडक्यात हे की ज्याला विरोध करायची मोकळीक होती आणि तरी ज्याने विरोध केला नाही, त्याची संमती आहे असंच धरून चालावं. नाहीतर जगाचा गाडा चालणार नाही. बसमध्ये चढलो म्हणजे तिकीट काढायला कबूल झालो, कंडक्टर काही आपल्याशी करार करत बसत नाही. रांगेत उभे राहिलो म्हणजे रांगेचा कायदा मानला. सभेत अध्यक्ष विचारतात, कुणाचा विरोध? सगळे गप्प, ठराव मंजूर. गप्प बसणाऱ्याच्या मनात शिरून बघायला गेलं तर एकही ठराव कधी मंजूर होणार नाही. भाषा त्यांची चांगली होती. मुद्द्यावर मुद्दा असा रचला होता की कुठे फट दिसू नये.

आणि मग शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी घरचं उदाहरण घातलं. एका सुशिक्षित कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाने स्थलांतराचा विचार पत्नीपुढे मांडला, तिने विरोध केला नाही, आणि निर्णय झाला. इथे गप्प राहणं म्हणजे विश्वासाचंच दुसरं नाव होय, असं लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. आपलं आपल्यालाच भरून आलं. आता ते म्हणतात, त्या वेळी माझ्या डोक्यावर कुणी तरी घागरभर पाणी ओतायला हवं होतं.

आक्षेपही त्यांनी स्वतःच तयार केले. माणूस झोपलेला असेल तर? उत्तर: झोपलेल्याला मोकळीक नव्हती, सबब तो या चर्चेबाहेर. त्याला ऐकूच आलं नसेल तर? उत्तर: तेच. तो भीतीने गप्प बसला असेल तर? यावर त्यांनी अर्धा दिवस घालवला आणि लिहिलं की भीती हा अपवाद खराच, परंतु सुसंस्कृत घरांत तो उद्भवत नाही.

मंडळाचे कार्यवाह प्रतापराव यांचं कोठीत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शशिकांत तिथे निबंध घेऊन गेले. प्रतापरावांनी गिऱ्हाईक सांभाळत तो वाचला आणि कागद गल्ल्यावर ठेवले.

"बेहेरेसाहेब, लिवलंय मस्त. पण ह्ये आक्षेप?"

"का? तीन आहेत चांगले."

"तीन आहेत हो, पण फुंकर मारली की पडायलेत. तुम्हीच उभे केले, तुम्हीच पाडले. बच्चों का खेल झालं ना ते." प्रतापरावांनी एका पोरीला भूमितीची पेटी काढून दिली. "औंदा कमिटीनं पक्कं ठरवलंय. आक्षेपकानं स्वतःच्या मनचं बोलायचं. लेखकानं लिहून दिलेलं चालणार नाही. मागच्या साली त्या मेहुण्यानं पुरी इज्जत काढली आपली."

शशिकांत म्हणाले, त्यात काय, आक्षेपक मिळवतो की. आणि निघाले.

इथून पुढचे काही दिवस त्यांचे मोठे हाल झाले. आयुष्यभर ज्या माणसाने दिसेल त्याच्याशी वाद घातला, त्याला आता वाद घालायला माणूस मिळेना. बागेतले निवृत्त बँकवाले म्हणाले, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण निबंध तुम्ही अजून वाचला नाहीत, शशिकांत म्हणाले. न वाचताच पटलं, ते म्हणाले आणि त्यांना फोन आला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली हातात ठेवून सांगितलं की बेहेरे, तुमच्यापुढे आपण हरलो. मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भावजी, तुमच्या विरोधात बोलायचं? नक्को बाबा, तुम्ही सांगाल ते सही." खालच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीअम्मा तेलुगू, पण मराठी उत्तम समजायच्या. जिन्यात गाठून शशिकांतनी त्यांनाही विचारलं, न बोललेली संमती तुम्हाला मान्य आहे का? त्या "अय्यो" म्हणून हसल्या आणि त्यांच्या हातात करवेपाक, म्हणजे कढीलिंबाची जुडी ठेवून आत गेल्या.

जुडी घेऊन ते वर आले आणि खुर्चीत बसले. साऱ्या गावाने आपल्याला होकार दिला आहे आणि त्यातला एकही खरा नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. निबंधाचा विषय तोच तर होता. पण तपासनिसाची नजर दुसऱ्याच्या नगावर असते. त्यांना फक्त एवढंच वाटलं की हैदराबादेत बौद्धिक वातावरण राहिलं नाही, पुण्याला गेलेलं बरं.

शेवटी उरली तारामती. ती स्वयंपाकघरात अंबाडीची पानं खुडत बसली होती.

"तारा, तू होतेस का आक्षेपक?"

"म्हणजे काय करायचं?"

"निबंध वाचायचा आणि तुला जे पटत नाही ते सभेत सांगायचं. मी उत्तर देईन. फार काही नाही, दोन मिनिटांचं काम."

"माझ्या मनचं बोलायचं?"

"हो, तसा नियमच आहे या वर्षी."

"बरं," ती म्हणाली.

कागद तिने देवघराच्या फळीवर ठेवले. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. शशिकांत येता-जाता फळीकडे बघायचे. कागद जागचे हलायचे, म्हणजे वाचले जात होते. तिला समजायला जड जात असेल असं वाटून त्यांनी एकदा मोठ्या मनाने विचारलं, काही शब्द अडला का? नाही, ती म्हणाली.

आठवडा होत आला तसा त्यांना धीर धरवेना. दुपारी जेवणं झाल्यावर ती पुन्हा अंबाडी घेऊन बसली होती, लोणचं घालायचं होतं. ते समोर येऊन बसले.

"मग? काय आहे आक्षेप?"

तिने पान खुडलं, देठ बाजूला टाकला. "तुमचा तो तिसरा. भीतीनं गप्प बसलेला माणूस."

"हां. अपवाद म्हणून सोडलाय तो."

"तुम्ही म्हणायलेत, गप्प बसणारा एक तर कबूल असतो, नाहीतर भितो. मी भिऊन गप्प नाही बसले. मी कंटाळून गप्प बसले."

शशिकांतना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग वाटलं, हा काल्पनिक आक्षेप आहे, तिने छान सजवलाय.

"म्हणजे उदाहरणार्थ," ते म्हणाले.

"उदाहरण कायकू? ते पुण्याचं तुम्ही लिवलंय ना, ते माझंच आहे. मी कधी हौ म्हणले?"

"तू बरं म्हणालीस."

"बरं म्हणजे ऐकलं. तुमचं बोलणं संपलं, हे मला कळलं, इतकंच."

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. शशिकांत बेहेरे सरसावून बसले. "पण तुला बोलायची मोकळीक होती. मी कधी तुझं तोंड धरलं? तू तेव्हाच म्हणायचं होतंस की पुण्याला जायचं नाही, आणि का ते सांगायचं होतंस."

"बघा."

"काय बघा?"

"आता मी का ते सांगितलं की तुम्ही उत्तर देणार. माझी भावंडं इथं आहेत म्हणले, तर फोन आहे म्हणणार. भाग्यलक्ष्मी आहे म्हणले, तर तिकडं पण शेजारणी आहेत म्हणणार. समोरच्या सगळ्या बायकांशी मी तेलुगूत बोलते, भाजीवाल्याशी उर्दूत बोलते, तिथं माझं मराठी ऐकून लोक हसतात, हे सांगितलं तर तुम्ही माझं मराठीच दुरुस्त करत बसणार." ती खुडायची थांबली. "माझं एकेक कारण तुम्ही पाडता, आणि सगळी पडली की म्हणता, झालं, आता तू कबूल. पण कारणं पडली तरी मला जे वाटतं ते तिथंच असतंय ना? ते कुठं जातंय?"

शशिकांतनी तोंड उघडलं. त्यांना खरोखरच उत्तर सुचलं होतं. फोन आहे हेच ते सांगणार होते. मग त्यांनी तोंड मिटलं आणि विनाकारण अंबाडीचं एक पान उचलून खुडायला लागले. देठ पानांत टाकला आणि पान देठांत. तिने ते शांतपणे जागेवर केलं.

"हाच आक्षेप मांडणार का तू सभेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, मनचं बोलायचं."

सभा दहा दिवसांवर आली होती. शशिकांत उत्तर लिहायला बसले. पहिलं उत्तर असं लिहिलं की कंटाळा हे विरोध न करण्याचं पुरेसं कारण नव्हे, ज्याला विरोध आहे त्याने तो पुन्हा पुन्हा मांडला पाहिजे. लिहून झाल्यावर वाचलं आणि त्यांना दिसलं की हे फक्त अशाच माणसाला सुचेल ज्याचा एकही मुद्दा घरात कधी पडला नाही. कागद फाडला. दुसरं उत्तर असं की इच्छेला कारण नसेल तर ती इच्छा नव्हे, लहर. ते लिहिताना ते स्वतः पुण्याला का जायचं म्हणतात याचं कारण लिहू लागले, तुलनेसाठी. हवा? ती आता तिथेही बिघडली होती. नातेवाईक? निम्मे गेले होते आणि उरलेल्यांशी त्यांचं पटत नव्हतं. मुलगा? तो शनिवार-रविवारीच भेटणार होता आणि तेवढं तर व्हिडिओ कॉलवरही होत होतं. खोडून खोडून शेवटी कागदावर उरलं ते इतकंच की मला तिथे जावंसं वाटतं. हा मुद्दा होत नाही, असं सवयीने मनात आलं आणि त्यांना एकटं बसून हसू फुटलं. हसता हसता जरा रडूही आलं, पण ते त्यांनी चष्म्यावर ढकललं.

तिसरं उत्तर त्यांनी जाडजूड पाठ्यपुस्तकातून उतरवलं. भारदस्त होतं. त्यात काय म्हटलं आहे हे त्यांना सभेच्या सकाळपर्यंत समजलं नव्हतं, तरी तेच खिशात घालून ते निघाले.

जांबागकडच्या एका शाळेचा हॉल मंडळाने घेतला होता. तारामतीने नारायणपेठची साडी नेसली होती आणि शशिकांतनी कोट. पहिले दोन निबंध झाले, दोन्ही आक्षेपक गोड होते. मग शशिकांत उभे राहिले. निबंध त्यांनी झोकात वाचला, फक्त शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला आवाज जरा खाली आला. प्रतापरावांनी पुकारलं, आक्षेपक, सौ. तारामती बेहेरे. लोकांत खसखस पिकली. घरचाच माणूस आणलाय, कुणीतरी म्हणालं.

तारामतीच्या हातात कागद नव्हता. ती माइकपाशी आली आणि घरी बोलली होती तेच, तसंच, तिच्याच मराठीत बोलली. कबूल आणि भिणारा यांच्या पलीकडे एक तिसरा माणूस असतो, ती म्हणाली, आणि तो बहुतेक घरात असतो. त्याला बोलायची मोकळीक असते. त्याने ती वापरून बघितलेली असते. दर वेळी त्याच्या बोलण्याला उत्तर मिळालेलं असतं, आणि उत्तर मिळणं म्हणजे ऐकलं जाणं नव्हे हे त्याला कळलेलं असतं. मग तो गप्प बसतो. "अशा माणसाच्या गप्प बसण्याला विश्वास म्हणायचं का, इतकंच मला लेखकांना विचारायचंय," ती म्हणाली आणि जाऊन खुर्चीत बसली. खसखस केव्हाच थांबली होती. मागच्या रांगेतल्या काही बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या आणि नवरे पंख्यांकडे.

शशिकांत माइकपाशी गेले. खिशातून भारदस्त उत्तर काढलं, उलगडलं. पहिलं वाक्य पाच ओळींचं होतं. त्यांनी समोर बघितलं. तारामती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की काही नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. उत्तर येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कसंही असलं तरी ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. ती तयारी बघून शशिकांतनी कागद खाली केला. एवढी वर्षं आपण या चेहऱ्यासमोर बोललो, आणि याला एकमत म्हणत आलो.

"याला माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले.

"बेहेरेसाहेब," प्रतापराव टेबलावरून पुढे वाकले, "काहीतरी बोला. नियमानं बाद व्हायलात तुम्ही."

"माहीत आहे मला."

"दोन वाक्यं तरी बोला हो."

"दोन वाक्यं आहेत माझ्याकडे," शशिकांत म्हणाले. "पण ती उत्तर नाहीत." आणि कागद घडी करून खाली उतरले. उतरताना कोटाची बाही माइकच्या वायरीत अडकली आणि स्पीकरची मोठी किंकाळी हॉलभर घुमली. त्यांना शोभण्यासारखंच झालं ते. बक्षीस त्यांच्यानंतर वाचलेल्या निबंधाला गेलं. त्याच्या आक्षेपकाने आक्षेप मांडताना लेखकाच्या आईचीही स्तुती केली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा केली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तेवढाच आवाज. शेवटी शशिकांत म्हणाले, "मग पुण्याला जायचं नाही ना तुला?"

विचारतानाच त्यांनी मनात दोन्ही तयाऱ्या करून ठेवल्या होत्या. जायचं नाही म्हणाली तर लगेच, मोठेपणाने, बरं तर बरं म्हणायचं. आणि जाऊ म्हणाली तर गळा दाटून येऊ द्यायचा.

"मला मालूम नाही," तारामती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठरवलंच नाही. कुणी विचारलंच नव्हतं, तर कशाला ठरवू? नुसतं तुम्ही ठरवलंय हे मालूम होतं, आणि ते मला नक्को होतं. तुमचं ठरवणं नक्को होतं. पुणं हवं की नको, ते मी अजून बघितलंच नाही."

यावर शशिकांतची काहीच तयारी नव्हती. ते गप्प बसले. गप्प बसणं किती अवघड काम असतं हे त्यांना काचीगुड्याच्या सिग्नलला कळलं. त्या एका सिग्नलमध्ये त्यांना तिला समजावून सांगण्यासारख्या कितीतरी गोष्टी सुचल्या आणि त्यातली प्रत्येक अगदी मुद्देसूद होती.

घरी पोचून कुलूप काढतात तोच अनिकेतचा फोन आला. त्याला सभेचं काही माहीत नव्हतं. "बाबा, घर घेणारे विचारतायत, संक्रांतीनंतरची तारीख फायनल करू का?"

"आईला विचार," शशिकांत म्हणाले.

"आई तयारच आहे ना? तुम्हीच तर म्हणालात."

"मी म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. तिलाच विचार." त्यांनी फोन तारामतीच्या हातात दिला आणि लांब जायला हवं म्हणून गॅलरीच्या दारापर्यंत गेले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"अनिकेत, त्या लोकांना थांब म्हणून सांग," तारामती म्हणाली. "नाही, नाही म्हणू नको. थांब म्हण. मी आधी तिकडं येते. महिनाभर राहते, हिंडते-फिरते, बघते. मग सांगते."

पलीकडून अनिकेत काहीतरी बोलला.

"नाही, बाबा नाही येणार. मी एकटीच येते."

पुन्हा तो काहीतरी बोलला. या वेळी जरा घाबरून बोलला असावा, कारण ती हसली.

"अरे भांडण नाही रे. बाबा बरोबर असले की मला काय वाटतंय ते मलाच कळत नाही. म्हणून."

शशिकांत गॅलरीच्या दारात उभे होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुकरमध्ये पाणी किती घालायचं हेही नव्हतं. महिनाभर म्हणजे नक्की किती, हा प्रश्न तर ओठांवर येऊन उभा होता. तारामतीने फोन ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"तिकीट कधीचं काढू?" त्यांनी विचारलं.

"ते मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त माळ्यावरची माझी बॅग काढून द्या."

त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि ते स्टूल आणायला गेले.